वॉल्व्ह रेडिओतला हम: आधी ऐका, मग डाग द्या

गिरगाव, परळ, दादर भागातल्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या व्हायला लागल्या तसे पोटमाळ्यावरचे, काचेच्या वॉल्व्हवर चालणारे जुने रेडिओ खाली उतरले. कुणाच्या आजोबांनी हप्त्यानं घेतलेला, कुणाच्या आत्याच्या लग्नात आलेला. नव्या घरात शोकेसवर चांगला दिसतो म्हणून ठेवून घेतात आणि एखाद्या रविवारी कुणाला तरी वाटतं, लावून तर बघू. प्लग लागतो, हिरवा डोळा हळूहळू उजळतो आणि अर्ध्या मिनिटानं स्पीकरमधून घूंऽऽ असा जाड आवाज सुरू होतो, गाण्यापेक्षा मोठा. हाच हम. मग सल्ला ठरलेला असतो: सगळे कंडेन्सर (कपॅसिटर) बदलून टाक.

हा सल्ला मला पटत नाही. सगळे बदलल्यावर हम बऱ्याचदा जातो, हे खरं आहे. पण तो कशामुळे गेला ते कळत नाही. शिवाय पंचवीस-तीस ठिकाणी डाग दिल्यावर एखादी तार चुकीच्या टॅगला (डाग देण्याच्या पत्तीला) लागली, तर रेडिओत आधी नसलेला बिघाड तयार होतो आणि तो शोधायला काही आधारच उरत नाही. हम म्हणजे बिघाडाचा पत्ता. तो कधी सुरू होतो, किती खालच्या स्वरात आहे, व्हॉल्यूमबरोबर हलतो का, या तीन प्रश्नांची उत्तरं सोल्डरिंग आयर्न गरम व्हायच्या आत मिळतात. खालची पद्धत रेडिओसाठी लिहिली आहे, पण रेडिओग्राम किंवा जुन्या वॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरलाही ती तशीच लागू पडते.

प्लग लावण्याआधी

वॉल्व्ह रेडिओत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये (डीसीतली उरलेली लाट सपाट करणारे दोन मोठे कंडेन्सर) राहू शकतं. त्यामुळे पहिलं साधन स्वतः बनवा: १० किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी आवरणाच्या क्रोकोडाइल क्लिप. रेडिओ बंद करून प्लग काढला की एक क्लिप फिल्टर कंडेन्सरच्या निगेटिव्हला (बहुतेक सेटमध्ये तेच चासी, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, असतं), दुसरी पॉझिटिव्हला. पाच सेकंद धरा, मग मीटर लावून शून्य आलंय याची खात्री करा आणि दुसऱ्या फिल्टर कंडेन्सरवरही हेच करा. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून शॉर्ट करणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यानं कंडेन्सरची आतली जोडणी तुटू शकते आणि ठिणगी डोळ्यासमोर उडते ती वेगळीच.

चालू सेटमध्ये मोजमाप करायचं तर एक हात खिशात. पायाखाली लाकडी पाट आणि पायात रबरी चप्पल. पावसाळ्यात आपल्या लाद्यांना ओल सुटते, तेव्हा हे दोन्ही टाळू नका. घरात दुसरं कुणीतरी जागं असतानाच काम करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुमच्या रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर आहे का, ते आधी बघा. वॉल्व्हवरचे नंबर वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असे ‘ई’नं सुरू होणारे असतील तर बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे ‘यू’नं सुरू होणारे असतील तर तो एसी-डीसी सेट आहे. अशा सेटमध्ये सगळ्या वॉल्व्हचे हीटर एका माळेत जोडलेले असतात आणि चासी थेट मेनच्या एका वायरला. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर येते. पूर्वीचे कारखाने अशा सेटच्या नॉबमधल्या स्क्रूच्या भोकात मेण भरत असत, कारण त्या स्क्रूला बोट लागलं तरी शॉक बसायचा. हा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (मेनपासून सेट वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) उघडून चालू करू नका आणि त्याच्या चासीला कधीही अर्थिंगची वायर जोडू नका. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) म्हणजे आयसोलेशन नव्हे. त्यात आत एकच गुंडाळी असते आणि मेन थेट पुढे जाते. सिरीज लॅम्पचंही तेच.

सिरीज लॅम्प मात्र हवाच. बोर्डावर एक होल्डर आणि एक सॉकेट एकामागोमाग जोडलेलं, होल्डरमध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, तेव्हा दोन-तीन घेऊन ठेवा.

प्लग न लावताच मीटर ओहमवर ठेवून दोन मोजमापं घ्या. एक: मेन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीपासून (मेनकडच्या गुंडाळीपासून) चासीपर्यंत. इथे काहीही वाचन येता कामा नये. दोन: पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्हपासून निगेटिव्हपर्यंत. आकडा कमी दाखवून हळूहळू चढत गेला तर ठीक. काहीशे ओहमवर अडकला तर पुढे शॉर्ट आहे, आणि तसाच चालू केलात तर रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा वॉल्व्ह, जाईल. मागच्या बाजूला व्होल्टेज टॅपिंगची पट्टी असेल तर तीही बघा. पट्टी २०० किंवा २२० वर असेल तर २४० किंवा २५० वर घ्या. अनेक रेडिओ वर्षानुवर्षं चुकीच्या टॅपिंगवर चाललेले असतात आणि त्यात वॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर सगळेच जास्त तापतात.

पहिल्यांदा वीज देताना रेक्टिफायर वॉल्व्ह काढून ठेवा (हे फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये). सिरीज लॅम्प जेमतेम लाल दिसला तर ट्रान्सफॉर्मर आणि हीटर ठीक. लख्ख पेटला तर ट्रान्सफॉर्मरमध्येच शॉर्ट आहे. मग रेक्टिफायर बसवा. लॅम्प किंचित उजळून स्थिरावला पाहिजे. उजळतच गेला, किंवा रेक्टिफायरच्या आत निळी चमक किंवा लाल झालेली प्लेट (वॉल्व्हच्या आतला पत्रा) दिसली, तर लगेच बंद करा. तुमचा फिल्टर कंडेन्सर सापडला.

कान लावायचा तो असा

आता सिरीज लॅम्प काढून रेडिओ थेट लावा आणि घड्याळ बघा. वॉल्व्ह गरम व्हायला वीस-तीस सेकंद लागतात. स्विच टाकल्या क्षणीच गुणगुण सुरू झाली, तर ती स्पीकरमधून येतच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या थरथरत असतात. बोल्ट आवळून, खाली रबराचे वॉशर देऊन ती कमी होते. एकदा एका गृहस्थांच्या सेटमध्ये पाच कंडेन्सर बदलून झाले होते आणि गुणगुण तशीच होती. चार बोल्ट आवळल्यावर ती थांबली.

वॉल्व्ह गरम होता होता हम वर येत असेल तर तो खरा हम. सुरुवातीला आवाज स्वच्छ आणि अर्ध्या तासानं हम येत असेल, तर गरम झाल्यावर गळणारा कंडेन्सर किंवा वॉल्व्हमध्ये हीटर-कॅथोड गळती (कॅथोड म्हणजे हीटरनं तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यावर संशय घ्या.

दुसरा प्रश्न स्वराचा. आपली मेन ५० हर्ट्झची. ईझेड ८० सारखा फुल वेव्ह रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, त्यामुळे फिल्टर कमी पडला तर १०० हर्ट्झचा हम येतो. हीटरमधून, उघड्या ग्रिडमधून (वॉल्व्हचं सिग्नल घेणारं टोक) किंवा तुटलेल्या शिल्डमधून शिरलेला हम ५० हर्ट्झचा असतो. एका सप्तकाचा फरक आहे, पण सवय नसेल तर कान फसतो, कारण छोटा स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवतच नाही. त्याऐवजी वरचे तुकडे ऐकू येतात.

यासाठी घरात तानपुरा असेल तर तो काढा. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात लावलेली असते. पट्टी पांढरी एक असेल तर ती साधारण ९८ हर्ट्झ, काळी एक असेल तर १०४. म्हणजे १०० हर्ट्झचा हम या दोघांच्या मधोमध बसतो. तार छेडा आणि रेडिओ ऐका. दोन्ही स्वर जवळजवळ मिळाले आणि हवेत संथ लाटा उठल्या, तर तुमचा हम १०० हर्ट्झचा आहे आणि आधी पॉवर सप्लाय बघायचा आहे. तानपुरा नसेल तर मोबाइलवरच्या टोन जनरेटरनं ५० आणि १०० हर्ट्झ लावून ताडून बघा, हेडफोन घालून. मोबाइलच्या स्पीकरमधून हे स्वर निघत नाहीत.

इथे एक अपवाद विसरू नका. यूवाय ८५ वाल्या एसी-डीसी सेटमध्ये रेक्टिफायर हाफ वेव्ह असतो. तिथे फिल्टर खराब झाल्यावर येणारा हमही ५० हर्ट्झचाच. आणि फुल वेव्ह सेटमध्ये रेक्टिफायरची एक प्लेट काम करेनाशी झाली किंवा ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूची तार तुटली, तर तिथेही हम ५० वर उतरतो.

तिसरा प्रश्न व्हॉल्यूमचा. आवाज पूर्ण कमी करा. हम तसाच राहिला तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे: पॉवर सप्लाय, आउटपुट वॉल्व्ह किंवा त्याच्या अलीकडचा ट्रायोड (आवाजाचा सिग्नल आधी वाढवणारा वॉल्व्ह). व्हॉल्यूमबरोबर वाढला-घटला तर तो आधीच्या भागात शिरतो आहे. पण व्हॉल्यूम पूर्ण कमी केल्यावरही कानठळ्या बसवणारा ५० हर्ट्झचा हम आणि नॉबला हात लावल्यावर त्यात फरक, असं झालं तर कंट्रोलचा चासीकडे जाणारा टॅग तुटला आहे का बघा. मुंबईच्या दमट हवेत त्या टॅगवर हिरवा गंज चढतो, डाग वरून चांगला दिसतो आणि आतून सुटलेला असतो. पिकअपच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) सॉकेटला जाणाऱ्या शिल्ड वायरचंही असंच होतं.

आणखी एक प्रकार वेगळा ओळखा. स्टेशन नसताना शांतता, पण काटा एखाद्या जोरदार केंद्रावर, समजा आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झवर नेला की गाण्याच्या पाठोपाठ हम. याचा फिल्टरशी फारसा संबंध नसतो. रेक्टिफायरच्या प्लेटपाशी किंवा मेनच्या दोन वायरींमध्ये एक छोटा कंडेन्सर असतो, तो उघडा पडला की मेनमधून आलेली रेडिओ लहर हमबरोबर मिसळते. मात्र आजकाल इमारतीतले एलईडी ट्यूब, चार्जर आणि लिफ्टचा ड्राइव्हही असाच आवाज करतात. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर त्याच टेबलावर, त्याच केंद्रावर लावा. त्यातही घरघर आली तर तुमचा वॉल्व्ह रेडिओ निर्दोष आहे.

जागा पक्की करणं

ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये वॉल्व्ह एकेक करून काढता येतात, एरियलच्या बाजूनं सुरुवात करून, प्रत्येक वेळी सेट बंद करून. पहिला काढला, हम गेला नाही, तर हम त्याच्यानंतर शिरतो आहे. पुढचा काढला. ज्या वॉल्व्हबरोबर हम जातो तो, किंवा त्याच्या आधीची वायरिंग, हा तुमचा इलाका. यू मालिकेच्या सेटमध्ये हे चालत नाही. एक वॉल्व्ह काढला की माळ तुटते आणि सगळेच विझतात.

तिथे दुसरी युक्ती. ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा चांगला कंडेन्सर घ्या, एक टोक चासीला, दुसरं टोक इन्सुलेटेड क्लिपनं आउटपुट वॉल्व्हच्या कंट्रोल ग्रिडला. (क्लिप लावताना सेट बंद, हे परत सांगतो.) हम गेला तर तो ग्रिडपर्यंत येऊन पोचत होता, म्हणजे आधीच्या भागातला. तसाच राहिला तर हम आउटपुट स्टेज आणि एचटीमध्येच (वर सांगितलेल्या २५०-३०० व्होल्टच्या डीसीमध्ये) आहे. मग तोच कंडेन्सर एक पायरी मागे न्या. स्पीकर मात्र या सगळ्यात कधीही सोडवू नका. लोडशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर मोठं व्होल्टेज उठतं आणि ती आतून फुटते.

संशय फिल्टरवर असेल तर मोजा. मीटर एसी व्होल्टवर, एका लीडमध्ये ०.१ मायक्रोफॅरड कंडेन्सर घालून, म्हणजे डीसी अडेल. पहिल्या फिल्टरवर काय यायला हवं याचा हिशेब सोपा आहे. सेट साधारण ६० मिलिअँपिअर खातो, कंडेन्सर ३२ मायक्रोफॅरडचा, लाट १०० हर्ट्झची: तिथे ५ व्होल्टच्या आसपास एसी दिसणं हा बिघाड नाही. २० व्होल्ट दिसले तर कंडेन्सर चतुर्थांशावर आला आहे. हाफ वेव्ह सेटमध्ये चांगल्या कंडेन्सरवरही आकडा दुप्पट असतो.

दुसऱ्या फिल्टरवर चित्र वेगळं हवं. १०० हर्ट्झला ३२ मायक्रोफॅरडचा विरोध जेमतेम ५० ओहम, दोन फिल्टरांच्या मधला रेझिस्टर समजा १००० ओहम, म्हणजे लाट विसाव्या हिश्श्यावर येते: पाव व्होल्ट. तिथे तुम्हाला २-३ व्होल्ट दिसले तर दुसरा फिल्टर गेला आहे, पहिला नव्हे. एकाच डब्यात दोन्ही असतात म्हणून दोन्ही एकदम जातात असं नाही.

खात्रीसाठी जादा कंडेन्सर लावून बघायचा तर सेट बंद करा, डिस्चार्ज करा, २२ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा कंडेन्सर जुन्याच्या दोन टॅगांनाच क्लिपनं जोडा आणि मग चालू करा. चालू सेटमध्ये तो टेकवला तर एकदम मोठा करंट ओढतो आणि रेक्टिफायरला झटका बसतो. हम स्पष्ट कमी झाला तर निदान झालं. पण ही चाचणी आहे, दुरुस्ती नाही. जुन्यावर नवा कायमचा समांतर जोडून देणं ही आपल्याकडची फार जुनी सवय. गळका जुना तिथेच गळत राहतो, तापतो आणि एक दिवस शॉर्ट होतो.

कपलिंग कंडेन्सर

हमचा विषय निघाला की सगळे फिल्टरकडे बघतात. पण रेडिओचा जीव घेणारा कंडेन्सर वेगळाच असतो. ट्रायोडच्या प्लेटपासून आउटपुट वॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा तो लहानसा नळा. जुन्या सेटमध्ये तो मेणकागदाचा किंवा डांबरानं लेपलेला असतो. कागद ओल धरतो, आणि मुंबईत चार महिने हवेत दुसरं असतंच काय. ओल शिरली की तो प्लेटकडचं डीसी ग्रिडवर गळू देतो, ग्रिड पॉझिटिव्ह होते, आउटपुट वॉल्व्ह जादा करंट ओढतो. आवाज फाटतो, एचटी खाली बसतं, फिल्टरवरचा भार वाढून हमही वाढतो. म्हणजे हम ऐकून फिल्टर बदललात, हम थोडा कमी झाला आणि खरा गुन्हेगार जागेवरच राहिला.

तपासणी अशी. सेट चालू, दहा मिनिटं गरम, मीटर डीसी व्होल्टवर. आउटपुट वॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला ४७० किलोओहमचा किंवा एक मेगओहमचा रेझिस्टर शोधा आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. ते शून्य हवं. ग्रिडचं टोक अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसलं तर सेट बंद करून कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि परत मोजा. व्होल्टेज गेलं तर कंडेन्सर गळका. राहिलं तर वॉल्व्हमध्येच दोष आहे, आत वायू झाला असेल किंवा ग्रिड स्वतः इलेक्ट्रॉन सोडत असेल.

एक व्होल्टानं काय होतं, असं वाटेल. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर, १३५ ओहमच्या कॅथोड रेझिस्टरसह, साधारण ७.३ व्होल्ट बायस (ग्रिडला कॅथोडपेक्षा निगेटिव्ह ठेवणारं व्होल्टेज) आणि ४८ मिलिअँपिअर प्लेट करंट असतो. गळती वाढून ग्रिड ५ व्होल्टांनी वर गेली तर करंट ७० च्या जवळ पोचतो आणि वॉल्व्हची १२ वॅटची मर्यादा ओलांडली जाते. अंधारात बघितलंत तर प्लेट लालसर दिसते. मग पाळी येते आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची, आणि तो ट्रान्सफॉर्मर आज मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो. दहा-वीस रुपयांच्या कंडेन्सरपायी. म्हणून ‘आधी निदान, मग बदल’ या माझ्या नियमाला मी हा एक अपवाद करतो: हा कंडेन्सर कागदाचा असेल तर तो न तपासताच बदला.

सुट्या कंडेन्सरला कपॅसिटी मीटर लावून ‘बरोबर दाखवतोय’ म्हणणाऱ्यांना एक सांगतो. ते मीटर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतं. गळका कंडेन्सर त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा जास्तच दाखवतो आणि आपण खूश होतो. खरी परीक्षा त्याच्या कामाच्या व्होल्टेजवर. कंडेन्सरचं एक टोक २५० व्होल्ट डीसीला, दुसऱ्या टोकापासून निगेटिव्हपर्यंत डीसी व्होल्टवरचं मीटर. डिजिटल मीटरचा स्वतःचा विरोध बहुधा १० मेगओहम असतो, म्हणून दर एक व्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोअँपिअर गळती. मीटर चढून परत शून्याकडे यायला हवं. २० व्होल्टवर थांबलं तर तोच कंडेन्सर ४७० किलोओहमच्या ग्रिडवर एक व्होल्ट चढवणार.

काय बदलायचं, काय सोडायचं

मेणाचे आणि डांबराचे कागदी कंडेन्सर: एव्हीसीचे (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या भागाचे), स्क्रीनचे, टोनचे, सगळे यथावकाश बदलावे लागतात. पण एका वेळी एक, आणि प्रत्येक वेळी सेट लावून बघायचा. पिवळ्या रंगाचे ‘मस्टर्ड’ पॉलिएस्टर बहुतेक वेळा अजून उत्तम असतात. सिल्व्हर मायका आणि सिरॅमिकला कारण नसताना हात लावू नका, विशेषतः आयएफ कॅनमधल्यांना (ट्यूनिंगच्या कॉइलींचे पत्र्याचे डबे). तिथे एक तार हलली की सगळं अलाइनमेंट बिघडतं. कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक बदलून टाका. तो शॉर्ट झाला की बायस जातो.

०.०२ च्या जागी ०.०२२, ०.०५ च्या जागी ०.०४७, सगळे ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचा २ ते ५ हजार पिकोफॅरडचा मात्र किमान १००० व्होल्टचा, १६०० चा मिळाला तर तोच. मेनवरचा कंडेन्सर एक्स-टू दर्जाचा, आणि मेनपासून चासीकडे जाणारा वाय दर्जाचा. साधा कंडेन्सर इथे शॉर्ट झाला तर आग लागू शकते.

फिल्टर ३२ च्या जागी ३३, ५० च्या जागी ४७, दोन्ही ४५० व्होल्ट, १०५ अंशांचे. ‘मोठा घातला तर हम अजून कमी होईल’ म्हणून १०० घालू नका. ईझेड ८० च्या पहिल्या फिल्टरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे आणि ५वाय३ तर जेमतेम २० सोसतो. कंडेन्सर चार्ज होतानाचा करंट वॉल्व्हला झेपत नाही. जुन्या फिल्टरला रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज देऊन परत जागं करता येतं, पण पन्नास-साठ वर्षं झालेल्या डब्यावर माझा भरवसा नाही. डिमरस्टॅटनं सेटचं व्होल्टेज हळूहळू चढवण्याचाही इथे फारसा उपयोग नाही, कारण वॉल्व्ह रेक्टिफायर पुरेसा गरम होईपर्यंत काहीच देत नाही आणि मग एकदम देतो.

हे सगळं लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर मिळतं. ग्रँट रोड स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. यादी करून, मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज लिहून न्या, आणि इलेक्ट्रोलिटिक घेताना ठसठशीत छापलेला, टोपी न फुगलेला बघून घ्या. रिकामा डबा, जुने टॅग, मागची झाकणं हवी असतील तर चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला चक्कर मारा.

निगेटिव्ह कुठे जोडायचा

नवा फिल्टर लावताना एक चूक मी केली आहे आणि ती पुष्कळांकडून होते. एका सेटमध्ये नव्या कंडेन्सरचा निगेटिव्ह मी सवयीनं चासीला दिला. हम कमी होण्याऐवजी वाढला. दोन संध्याकाळी मी वॉल्व्ह बदलत बसलो. त्या सेटमध्ये एचटीचा निगेटिव्ह थेट चासीला नव्हता. मध्ये शे-सव्वाशे ओहमचा एक रेझिस्टर होता आणि त्याच्यावर पडणारं व्होल्टेज हाच आउटपुट वॉल्व्हचा बायस. पहिल्या फिल्टरचा निगेटिव्ह रेझिस्टरच्या पलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला हवा होता. मी तो चासीला दिल्यामुळे चार्जिंगचे सगळे ठोके त्या रेझिस्टरमधून जायला लागले आणि बायसवरच १०० हर्ट्झ चढला. जुना डबा चासीपासून फायबरच्या वॉशरवर उचलून बसवलेला दिसला, तर ती याचीच खूण समजा. तो वॉशर काढून डबा सरळ पत्र्यावर आवळला तर रेझिस्टर शॉर्ट होतो आणि बायसच जातो.

म्हणून काही सोडवण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा आणि कागदावर जोडण्या लिहा: कुठला टॅग कुठे जातो. रबरी आवरणाच्या जुन्या वायरी हलवल्या की तुकडे पडतात, तेव्हा जेवढी गरज तेवढंच हलवा आणि उघड्या पडलेल्या तारेवर स्लीव्ह चढवा. डबा चासीवरून काढू नका. टॅग मोकळे करून नवे कंडेन्सर चासीखाली टॅगस्ट्रिपवर बसवा, आउटपुट वॉल्व्ह आणि रेक्टिफायरच्या सॉकेटपासून दूर. डबा दिसायला तसाच राहतो आणि पुढच्या माणसाला मूळ रचना कळते.

काम झालं की सिरीज लॅम्पवरून पुन्हा सुरुवात करा. मग थेट मेनवर दोन तास चालू द्या, शेजारी बसून. अर्ध्या तासानं आणि दोन तासांनी तीच मोजमापं परत घ्या: दोन्ही फिल्टरवरची लाट, ग्रिड रेझिस्टरवरचं व्होल्टेज, कॅथोडचं व्होल्टेज. सेट बंद करून डिस्चार्ज केल्यावर नव्या फिल्टरला बोट लावा. कोमट चालेल, गरम नाही. थोडासा हम उरतोच. स्पीकरला कान लावल्यावर ऐकू येणारा आणि हातभर अंतरावर न येणारा हम हा त्या रेडिओचा मूळचा आवाज आहे, त्याच्या मागे लागू नका.

सगळे आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहा, काढलेले कंडेन्सर एका पाकिटात घाला आणि दोन्ही खोक्याच्या आतल्या बाजूला, वॉल्व्हच्या उष्णतेपासून दूर चिकटवा. मागचं पुठ्ठ्याचं झाकण लावताना त्याची भोकं धुळीनं बुजलेली असतील तर ब्रशनं मोकळी करा, आणि रेडिओ भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.